पंधरा मिनिटांचं घर

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. बाजारातल्या कुठल्या तराजूवर शिक्का मारायचा आणि कुठल्यावर नाही, हे मी ठरवतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून हा गृहस्थ मुळातच वेंधळा असावा असा तुमचा समज होईल. तसं नाही. भलेभले दुकानदार माझ्यासमोर काटा शून्यावर आणताना घाम पुसतात. घरात मला कोणी विचारत नाही, ती गोष्ट वेगळी.

आमच्या एकुलत्या एक लेकीला सगळे बिट्टी म्हणतात. ही गोष्ट तिच्या शाळेच्या शेवटच्या वर्षाची. ज्यांच्या घरात असं वर्ष होऊन गेलंय त्यांना अधिक सांगायला नको, आणि ज्यांच्या घरात ते अजून यायचंय त्यांना आत्तापासून कशाला घाबरवा. जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस "काय, पुढे काय?" असं विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत स्वतःच्या भाच्याचं सांगायला लागतो. बिट्टीचं 'पुढे' तर कोणाच्याच भाच्याशी जुळत नव्हतं. तिला ध्वनी शिकायचा होता. नाटकातले, सिनेमातले, मोठमोठ्या इमारतींमधले आवाज कसे असावेत याचं म्हणे एक शास्त्र असतं. ते नीट शिकवणारं विद्यापीठ एकच, आणि ते आमच्या घरापासून आगगाडीने एक रात्र आणि अर्धा दिवस लांब.

"ध्वनी?" आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले. "म्हणजे सभांमधून लाउडस्पीकर लावणार?"

मला शास्त्राबद्दल काही म्हणायचं नव्हतं. मला त्या अर्ध्या दिवसाबद्दल म्हणायचं होतं. एक रात्र मी समजू शकतो. रात्री माणूस झोपलेला असतो, अंतर कळत नाही. पण वर आणखी अर्धा दिवस! बसने जाता येईल असं चांगलं कॉलेज आमच्याच गावात असताना! पण हे घरात बोलायची सोय नव्हती. बिट्टीची आई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर लोकांना "काही दुखणार नाही हं" असं सांगत सुया टोचते, आणि घरीही तिचं धोरण तेच असतं. "जाऊ दे तिला. काही होत नाही," असं ती मला अर्ज भरायच्या दिवसापासून सांगत होती आणि मी दंड पुढे करून मान दुसरीकडे वळवली होती.

तर त्या विद्यापीठाला शेवटच्या परीक्षेचे गुण हवे होतेच, शिवाय आणखी एक गोष्ट हवी होती. पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग. विषय, 'तुमचं घर, एका साध्या दिवशी'. कापाकापी करायची नाही, मागाहून काही जोडायचं नाही. महिनाअखेरीच्या आत पाठवायचं.

"तू अभ्यास कर," मी बिट्टीला म्हणालो. "घराचं मी बघतो."

"बाबा, तुम्ही काय बघणार?"

"तयारी," मी म्हणालो. तयारीशिवाय मी साधं आंघोळीलाही जात नाही.

आता तुम्हीच सांगा, आपलं घर परक्या विद्यापीठातले प्राध्यापक कान देऊन ऐकणार म्हटल्यावर कुठला जबाबदार बाप स्वस्थ बसेल? मी एक दिवस रजा टाकली. दोघी बाहेर पडल्यावर दुकान तपासावं तसं घर तपासलं. निकाल लाजिरवाणा होता. बाहेरचं दार उघडताना कुरकुरायचं आणि अर्ध्यावर आल्यावर किंचाळायचं. फ्रिज घरघर करत चालायचा आणि थांबताना तीनदा ढुकढुक करायचा. स्वयंपाकघरातला नळ टपकत होता. आणि पाणी यायची वेळ झाली की न्हाणीघरातला पाइप असा कण्हायचा, की पाहुणे घाबरून बाहेर यायचे. इतकी वर्षं या दोषांसह आम्ही उजळ माथ्याने राहत होतो.

मी दाराला तेल घातलं. नळाचा वायसर बदलला. फ्रिजवाल्याला बोलावलं, त्याने खाली कसलेसे रबरी तुकडे बसवले आणि फ्रिज ध्यानाला बसल्यासारखा गप्प झाला. पाइपाचं मात्र काही जमलं नाही. संध्याकाळपर्यंत आमचं घर असं शांत झालं, की शिक्का मारायला हरकत नव्हती.

बिट्टी शाळेतून आली. दार उघडलं, आणि ती उंबऱ्यातच थांबली. दार परत लावलं. परत उघडलं.

"बाबा, दार का नाही वाजलं?"

"तेल घातलं," मी शक्य तितक्या साधेपणाने म्हणालो.

ती फ्रिजपाशी गेली आणि दाराला कान लावून उभी राहिली. मग नळाखाली हात धरला. मग खुर्चीत बसली. परीक्षेत सगळा पेपर न शिकवलेल्या भागावर आला तर चेहरा होईल तसा तिचा चेहरा झाला होता.

"बाबा, मला तेच तर रेकॉर्ड करायचं होतं."

"ते? अगं, ते दोष होते."

"तेच घर होतं," बिट्टी म्हणाली.

ती सहा महिने मनात जुळवत होती म्हणे. सकाळी आधी पाइप कण्हणार, मग नळ, मग फ्रिज, मग दार. कशानंतर काय येतं आणि मध्ये किती वेळ जातो हे सगळं तिला पाठ होतं. अभ्यासाचं इतकं पाठ असतं तर, असं माझ्या जिभेवर आलं होतं, पण तिच्या डोळ्यांकडे बघून मी ते गिळलं.

"काळजी करू नकोस. जसं होतं तसं करून देतो," मी म्हणालो. हे वाक्य बोलायला सोपं आहे.

दारापासून सुरुवात केली. बिजागऱ्या रॉकेलने धुतल्या. दार गप्पच. मुख्याध्यापकांनी मिठाच्या पाण्याचा उपाय सांगितला. "गंज चढला पाहिजे. धीर धरा. गंज हा संस्कारांसारखा असतो, हळूहळू चढतो." मी सकाळ-संध्याकाळ बिजागऱ्यांना मिठाचं पाणी लावू लागलो. जिन्यातून जाणारे लोक मी दाराला काय पाजतोय ते थांबून बघत. शेवटी समोरच्या घरातल्या वहिनी पुढे आल्या. त्या घरी कपडे शिवून देतात, त्यामुळे साऱ्या इमारतीची मापं आणि भानगडी त्यांच्याकडे असतात.

"भावजी, आमच्या न्हाणीघराचं दार घेऊन जा. इतकं छान किंचाळतं!" त्या म्हणाल्या. "आठवडाभर आम्ही पडदा लावू."

उदारपणाला नाही म्हणता येत नाही. ते दार आम्ही दोघांनी उचलून आणलं आणि बिजागऱ्यांवर चढवलं, तेव्हा ते आमच्या चौकटीपेक्षा चांगलं वीतभर अरुंद निघालं. मापात माझी आणि वहिनींची, अशा दोन जाणकारांची एकदम चूक व्हावी, हा योग दुर्मीळ. ते दार किंचाळत होतं, नाही असं नाही. पण त्या फटीतून आमचा सगळा संसार जिन्याला दिसत होता. बिट्टीची आई कामावरून आली, फटीतूनच तिने मला पाहिलं आणि "आत येऊ का इथूनच बोलू?" असं विचारलं.

फ्रिजवाल्याला पुन्हा बोलावलं.

"काय बिघडलंय?" तो म्हणाला.

"काहीच नाही. पूर्वीसारखा आवाज करायला हवा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं, मग आत कोणी शहाणं माणूस आहे का ते पाहिलं. शेवटी त्याने ते रबरी तुकडे काढून दिले. फ्रिज वाजू लागला, पण तो आवाज निराळाच. पूर्वी तो घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखा पुटपुटायचा, आता तो कोणाशी तरी भांडत होता. बिट्टीने ऐकलं आणि नुसती मान हलवली. त्या मान हलवण्यात "राहू दे बाबा, तुम्ही प्रयत्न केलात" असं काहीतरी होतं, आणि ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

उरला पाइप. तो एकटा अजून कण्हत होता, पण पाणी आता बिट्टी शाळेत असताना येऊ लागलं होतं. वेळ बदलून मिळावी म्हणून मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेलो. मी स्वतः सरकारी माणूस, तेव्हा खिडकीशी कसं बोलावं ते मला कळतं, अशी माझी समजूत होती.

"तक्रार काय?" कारकून म्हणाला.

"पाण्याची."

"येत नाही?"

"येतं."

"कमी येतं? गढूळ येतं?"

"नाही. भरपूर येतं, स्वच्छ येतं. आणि हल्ली ठरल्या वेळेला येतं."

कारकुनाने चष्मा काढला. असा तक्रारदार त्याने नोकरीत पाहिला नसावा. "मग त्रास काय आहे तुम्हाला?"

"ते येताना पाइपाचा जो आवाज होतो, तो मुलीला हवाय," मी म्हणालो, आणि बोलता बोलताच मला कळलं की आपण घरी जायला हवं होतं. मागच्या रांगेतून कोणीतरी "यांना आधी सोडा हो," असं म्हणालं, ते सहानुभूतीनं की कसं, मी वळून पाहिलं नाही. कारकुनाने पुष्कळ विचार करून माझी तक्रार 'इतर' या सदरात 'पाइप आवाज करतो' अशी लिहून घेतली.

ज्या कार्यालयाने आमच्या जिन्यातली गळती कित्येक वर्षं ढुंकून पाहिली नव्हती, त्यांची माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. त्यांनी जुना पाइप उखडला आणि नवा प्लास्टिकचा घालून दिला. सही घेताना मुकादम हसून म्हणाला, "आता बघा साहेब, पाणी आलेलं कळणारसुद्धा नाही."

बिट्टी न्हाणीघरात जाऊन नव्या पाइपावर हात ठेवून आली.

तरी एक तालीम झालीच. ही कल्पना मुख्याध्यापकांची. त्यांचं म्हणणं, घर म्हणजे वस्तू नव्हेत, माणसं. रविवारी सकाळी बिट्टीने टेबलावर रेकॉर्डिंगचं यंत्र ठेवलं, आणि ज्या इमारतीत कोणी कोणाशी धड आवाजात बोलत नाही तिथे एकाएकी सभ्यता अवतरली. मुख्याध्यापक जिना उतरताना पायरीपायरीवर खाकरत आले आणि दारात थांबून "विद्यार्थी दशा हा जीवनाचा पाया होय" असं स्पष्ट उच्चारात बोलून गेले. वहिनींनी "आज हवा किती प्रसन्न आहे, नाही?" असं आकाशवाणीच्या सुरात विचारलं. बिट्टीची आई मला "आपण चहा घेणार का?" म्हणाली. लग्न झाल्यापासून तिने मला 'आपण' म्हटलं नव्हतं. मी इतका गोंधळलो, की "आभारी आहे" म्हणालो.

बिट्टीने कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"हे कोण लोक आहेत?" ती म्हणाली.

शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी घरात आम्ही तिघंच होतो. वहिनींचं दार परत गेलं होतं आणि आमचं दार तेल पिऊन जागेवर बसलं होतं. फ्रिजचे रबरी तुकडेही मी परत बसवले होते, भांडणापेक्षा शांतता बरी म्हणून. घरात ऐकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बिट्टी टेबलापाशी बसून यंत्राची वायर गुंडाळत होती.

"मी इथल्याच कॉलेजात अर्ज करते, बाबा. बसने जाता येतं."

खरं सांगतो, मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण आधी आनंद झाला. म्हणजे ती रोज संध्याकाळी घरी येणार. चप्पल दारात आडवी पडलेली असणार, ओला टॉवेल पलंगावर असणार, आणि मी त्यावर ओरडणार. आणखी तीन-चार वर्षं तरी. मी मनात हिशेबसुद्धा सुरू केला. आणि मग माझं तिच्या हातांकडे लक्ष गेलं. बिट्टीने आयुष्यात कुठली वस्तू नीट गुंडाळून ठेवलेली नाही. ती वायर मात्र ती वेढ्यावर वेढा बसवत, इस्त्री केल्यासारखी गुंडाळत होती. आता पुन्हा लागणार नाही अशी वस्तू माणूस ठेवतो, तशी.

ते मला बघवेना. मी म्हणालो, "थांब. फ्रिज असा वाजायचा ना?"

आणि मी घशातून घरघर काढली.

मी पुन्हा सांगतो, मी निरीक्षक आहे. माझ्या हाताखाली चार माणसं आहेत. मी खुर्चीत ताठ बसून फ्रिज झालो. घरघर लांबवली, मग दम संपत आला तशी ती खाली आणली, आणि शेवटी तीन वेळा टेबलावर मूठ आपटली. ढुक. ढुक. ढुक.

बिट्टीचे हात थांबले. "शेवटचा जरा उशिरा यायचा," ती म्हणाली.

मी शेवटचा उशिरा दिला.

"बाबा!" ती उठून उभी राहिली. "नळ येतो?"

नळ म्हणजे जीभ टाळूला लावून सोडायची, माझ्या हातचा मळ. दार जरा कठीण गेलं, त्याला आधी कुरकुर आणि मग किंचाळी, आणि किंचाळायची मला सवय नाही. पण पाइप काही केल्या जमेना. इतक्यात स्वयंपाकघराच्या दारातून एक दीर्घ, खोल, ओला कण्हण्याचा आवाज आला. बिट्टीची आई तिथे डोळे मिटून उभी होती. मला वाटलं तिला बरं नाही. ती पाइप झाली होती.

"तुम्हाला काय वाटलं, तुम्हालाच येतं?" डोळे उघडून ती म्हणाली. "रोज सकाळी याच आवाजाने उठत होते मी."

बिट्टीने वायर सोडली आणि यंत्र सुरू केलं.

तिला प्रवेश मिळाला, हे आत्ताच सांगून टाकतो. उगाच तुमचा जीव टांगणीला नको. निवड करणाऱ्या बाईंनी फोनवरच्या मुलाखतीत तिला पहिलाच प्रश्न विचारला, तो म्हणजे "फ्रिज कोण आहेत?" बिट्टीने खरंखरं सांगितलं, की घर दुरुस्त झालं आणि मग आम्हाला ते आठवावं लागलं. गुणही चांगले पडले. ती गेली त्याला आता काही महिने झाले. ते रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे. दुपारी बाजारात फिरताना मी कधीकधी ते लावतो. शेवटची दोन मिनिटं मात्र राहिली की कोणाचा तरी तराजू तपासायला घेतो आणि ते बंद करतो. त्या दोन मिनिटांत काय आहे ते मात्र सांगायला हवं.

सगळे आवाज करून झाले. पाइप दोनदा आला, फ्रिज तीनदा. वरती मुख्याध्यापकांनी कोणी न सांगता खुर्ची ओढली, तेही आलं त्यात. मग आमच्याकडचं संपलं आणि वेळ उरला. बिट्टीने हातानेच विचारलं, अजून काय? आणि मला वाटलं, घरातला सर्वांत मोठा आवाज तर राहिलाच. तो तिला सुचणं शक्य नव्हतं, कारण तो होतो तेव्हा ती दाराबाहेर असते. तो आम्ही ऐकतो.

मी जिना चढू लागलो. म्हणजे बसल्या जागी, टाचांनी. दोन-दोन पायऱ्या, धपधप. वळणावर जरासं थांबायचं, तिथे ती केस सारखे करते. मग परत धपधप. मग किल्लीची शोधाशोध, शेवटी ती सापडायच्या आतच दारावर थाप. दार, आधी कुरकुर, मग किंचाळी. एक चप्पल इकडे, एक तिकडे. दप्तर खुर्चीवर, तिथून खाली. आणि मग मी माझ्या आवाजात, पण तिचा हेल काढून, म्हणालो, "काय आहे गं खायला?"

"आधी हात धू," बिट्टीची आई म्हणाली.

तिने ते अभिनय म्हणून म्हटलं नव्हतं. ते तिच्या तोंडून निघालं, रोज निघतं तसं. मग तिने पदर नसताना पदर शोधावा तसं ओढणीचं टोक हातात धरलं आणि ती आत गेली. आत भांडं वाजलं नाही, काही नाही.

बिट्टी माझ्याकडे बघत होती.

"मी अशी येते?" ती हळू आवाजात म्हणाली.

"अशीच येतेस," मी म्हणालो. "रोज येतेस."

यंत्र बंद करायचं आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही. कापाकापी करायची नाही, असा नियम होता. म्हणून तेही त्यात गेलं.